सिंधूची पात

मे महिन्यातली कामं मी एप्रिलमध्येच ओळीनं लावून ठेवते. तिखट कांडून आणणं, शेवया, गव्हाला ऊन दाखवणं, गाद्यांचा कापूस पिंजून घेणं आणि सगळ्यांत शेवटी चिंच. चिंच शेवटी, कारण ती बसून फोडायची असते आणि तोवर मला बसायची सवड झालेली असते. यंदा मी चिंच पुढ्यात घेतली त्याच दुपारी शेजारची माधुरी कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभी राहिली. तिला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसायचं आहे.

"काकू, तुम्ही नुसतं घड्याळ घेऊन बसा न माझ्याजवळ. घरी आई बसते, पन तिले पाच मिनटांत झोप लागते."

घड्याळ घेऊन बसणं मला जमतं. नेरला सून म्हणून आले तेव्हापासून या गल्लीत लग्नाच्या पंगतीपासून पोलिओच्या डोसापर्यंत जिथे वेळ पाळायची असते तिथे मला बोलावतात. मी माधुरीला खिडकीजवळचा पाट दिला, घड्याळ मधे ठेवलं आणि चिंच फोडायला घेतली. ती लिहीत होती. मी फोडलेल्या चिंचेतून चिंचोका काढून पितळेच्या ताटात टाकत होते. टण्ण. थोड्या वेळानं पुन्हा टण्ण. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातली मे महिन्याची दुपार म्हणजे सगळ्या गावानं एकदम डोळे मिटून घेतल्यासारखी असते. आणि त्या शांततेत तो चिंचोक्याचा आवाज ऐकता ऐकता माझे हात थांबले. हा आवाज मी एका उन्हाळ्यात रोज ऐकला होता, आणि तेव्हाही मधे घड्याळ होतं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं माहेरचं गाव राळेगावपासून कोसभर. मी राळेगावच्या मुलींच्या शाळेत शिकवायला जात होते आणि माझ्या मनगटावर घड्याळ होतं. गावात ते एवढं नवलाचं होतं की बैल सोडायची वेळ विचारायला गडीमाणसं आमच्या ओट्यापाशी येत. माझी धाकटी बहीण सिंधू इंटर सायन्स करून घरी बसलेली होती. बसलेली म्हणजे आजारानं बसवलेली. परीक्षेच्या तोंडावर तिला मुदतीचा ताप आला, तशा अंगानं तिनं पेपर दिले, आणि नागपूरच्या मेडिकलच्या यादीत तिचं नाव आलं नाही. थोडक्यात हुकलं असं सगळे म्हणाले. थोडक्यात हुकलेलं फार दिवस टोचत राहतं.

डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात कधी शिरलं ते मला नक्की माहीत आहे. ती दहा-अकरा वर्षांची असताना मायचं ऑपरेशन झालं. यवतमाळच्या दवाखान्यात सोबतीला सिंधू राहिली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई आत जाण्याआधी कोपरापर्यंत हात धूत. साबण लावून, बोटांच्या मधून, नखांच्या खालून, कोणी हाक मारली तरी मधे न थांबता. सिंधूनं बाकी दवाखाना पाहिलाच नाही, ते हात धुणं पाहिलं. घरी आल्यापासून ती विहिरीवर तसेच हात धुवायला लागली. बाबा पोहरा ओढून ओढून दमायचे आणि म्हणायचे, "डाक्तरीन आल्या रे बाप्पा! आता ढोरायले पानी उरत नाई."

तर त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी एका मिशनच्या मेडिकल कॉलेजचं माहितीपत्रक आणून दिलं. त्या कॉलेजात नुसत्या मार्कांवर घेत नसत. उमेदवाराला दोन दिवस बोलावून त्याची चाचणी घेत, आणि आपल्या भागासाठी ती नागपूरला होणार होती. कसली चाचणी, ते इंग्रजीत चार ओळींत दिलं होतं: हाताची चपळाई, निरीक्षण, स्मरण, आणि माणसांशी वागण्याची रीत. या सगळ्याला मिळून जो शब्द होता त्याचं मुख्याध्यापकांनी 'कल' असं भाषांतर केलं.

बाबांना ते पटेना. "कल पाह्यतात म्हनजे काय करतात? नारळ कानापाशी हालवून पाह्यते मानूस, तसं?"

"तसंच समजा," मी म्हटलं.

"मंग आपन तरी कशी तयारी करावं? नारळात पानी वरून भरता येते का?"

हा प्रश्न खरा होता. पेपराची तयारी करता येते. पुस्तकं असतात, मागच्या वर्षीचे प्रश्न असतात. इथे काय विचारतील तेच ठाऊक नव्हतं. शिवाय मामांनी सिंधूसाठी एक स्थळ आणलं होतं. माणसं चांगली होती, उतावळी नव्हती, पण त्यांनी मृगापर्यंतच थांबू असं सांगितलं होतं. पेरणी लागली की मग कोणाला सवड नसते. म्हणजे सिंधूच्या हातात तो एक उन्हाळा होता. चाचणीत निवड झाली तर कॉलेज, नाही तर मृगाच्या आत हळद. बाबा तिच्यावर सक्ती करणारे नव्हते. पण "या खेपेले नाई झालं त आपन समजू का नाई होत" असं ते म्हणाले होते, आणि सिंधूनं मान हलवली होती.

मला न कळणाऱ्या गोष्टीची भीती वाटली की मी तिचे तुकडे करते. चार ओळी होत्या, मी चार वेळा ठरवल्या. पहाटे स्मरण, सकाळी निरीक्षण, दुपारी हात, संध्याकाळी माणसं.

स्मरणाचं काम मायकडे होतं. माय चुलीपाशी बसून एका दमात वस्तू सांगायची, "मीठ, हळद, फुटाने, सुई, केरसुनी, खोबरं, कंदिलाची वात," आणि सिंधूनं त्या भाकरी भाजून होईपर्यंत लक्षात ठेवून उलट्या क्रमानं म्हणायच्या. मायला लिहिता येत नव्हतं. पण सिंधू वात विसरली की ती न बघता म्हणायची, "कंदील इझला तुहा."

माणसांशी वागण्यासाठी बाबा रोगी होत. अंगणातल्या बाजेवर आडवे पडून ते इतके खरे कण्हत की रस्त्यानं जाणारी माणसं आत डोकावत.

"काय होते बाबाजी तुमाले?" सिंधू विचारायची.

"पोटात आग पडली, डाक्तरीनबाई."

"काय खाल्लं होतं?"

"लेकीच्या हातची भाजी."

माय आतून हसायची, सिंधू चिडायची, आणि मी मनगटाकडे बघून म्हणायची, "रोग्यावर चिडलीस. गेले मार्क."

गावाची आपापली मतं होती. कोणी म्हणालं, वजन करतात. कोणी म्हणालं, कान बघतात, डॉक्टरला कान बारीक लागतो. राळेगावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांची मात्र खात्री होती की रक्त दाखवतात. "भल्या भल्या पोरी तिथंच आडव्या व्हतात, बाई. पह्यले रगत दाखवतात, मंग नाव इचारतात." म्हणून एका गड्याच्या पायात बाभळीचा काटा मोडून पू झाला होता, तो कापताना त्यांनी सिंधूला मुद्दाम बोलावलं. ती तांब्या धरून उभी राहिली आणि तिला काही झालं नाही. तिच्यासोबत म्हणून गेलेली मी बाहेरच्या कट्ट्यावर येऊन डोकं गुडघ्यात घालून बसले. कंपाउंडरकाकांनी मला पाणी दिलं. सिंधूला एक जुना चिमटा दिला, टोकं झिजलेला, आणि सांगितलं, "यानं सरकी उचलत जाय."

दुपार हातांची. माजघरात पाणी शिंपडून आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मधे माझं घड्याळ. दोघींच्या पुढे दोन ढीग. तूर, मूग, सरकी आणि चिंचोके एकत्र केलेले. खूण केली की वेगळे करायचे. आधी उजव्या हातानं, मग डाव्या, मग चिमट्यानं. मी तिच्याशी शर्यत करायची म्हणून माझाही ढीग. एकट्यानं वेग वाढत नाही हे मी शाळेत पाहिलेलं होतं. बाहेर ऊन भणभणत असायचं, कुडाच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या आत येऊन जमिनीवर पडायच्या, मोहाचा दमट गोड वास कुठून तरी यायचा, आणि त्यात हा आवाज. तूर पडली तर बारीक, चिंचोका पडला तर टण्ण.

सिंधूचे हात फार जलद होते. मी अर्ध्यावर असताना तिचं ताट रिकामं झालेलं असायचं. आणि मग दर वेळी एकच व्हायचं. तिचे हात सरळ माझ्या ढिगाकडे यायचे. ती तिकडच्या कडेनं सुरुवात करायची, मी इकडून, आणि मधे आमची बोटं भेटायची. तेव्हा कुठे ती मान वर करून विचारायची, "किती झाले?" तिची वेळ मी आधीच टिपून ठेवलेली असे, म्हणून मी कधी काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या ते लक्षातही आलं नाही. श्वास घ्यावा तशी ती गोष्ट होती.

ती कुठून आली होती ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागणार नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. निंदणाला बायका वावराच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या दोन-तीन ओळी येतात, ती तिची पात. हातात विळा, आणि गवत काढत काढत सगळ्या समोरच्या धुऱ्याकडे सरकतात. कोणी आधी पोचते, कोणी मागे राहते. आधी पोचली ती उठून सावलीला जात नाही. जी सगळ्यांत मागे आहे तिच्या पातीच्या त्या टोकाला ती बसते आणि समोरून निंदत येते. मधे दोघींची गाठ पडली की पात संपली. सगळ्यांच्या पाती संपल्याशिवाय पाण्याची घागर कोणी तोंडाला लावत नाही. आमच्या वावरात बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सोनीबाई या बायकांची पुढारीण होती. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती, तोंडात विडीचा वास, आणि जीभ विळ्यापेक्षा धारदार. आम्ही दोघी सुट्टीच्या दिवशी निंदणाला जायचो तेव्हा तीच आम्हांला पात वाटून द्यायची. सिंधू सात वर्षांची असताना एकदा पात संपवून बोरीखाली जाऊन बसली होती. सोनीबाई म्हणाली होती, "ए छोरी, वावर काय तुह्या एकटीचं निंदून झालं काय?" झालं, तेवढंच. पुन्हा सांगावं लागलं नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. राळेगावहून वर्ध्यापर्यंत एस.टी., पुढे रेल्वे. सोबत न्यायच्या सामानात मी दोन पिशव्या जास्तीच्या घेतल्या होत्या, एकीत चिंचोके आणि दुसरीत तूर. बाबा म्हणाले, "तिथं काय दुकान लावता का?" मायनं दोघींच्या पदराला कांदा बांधून दिला, लू लागू नये म्हणून. नागपुरात स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो.

चाचणी एका शाळेच्या इमारतीत होती. खिडक्या मोठ्या, सगळ्या उघड्या, कारण आत पंखे पुरत नव्हते. आम्हां सोबत आलेल्यांना समोर निंबाखाली बसवलं होतं. मी अशी जागा धरली की तिथून सिंधू दिसावी. दुपारी हातांची चाचणी सुरू झाली. प्रत्येकीपुढे भोकं पाडलेली लाकडी फळी आणि खुंट्यांची वाटी. आमच्या सरकी-चिंचोक्यांपेक्षा ते काही फार वेगळं नाही हे पाहून मला इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या अनोळखी बाईला आमच्या डब्यातला धपाटा दिला.

सिंधूचं झालं. सगळ्यांच्या आधी. मी मनातल्या मनात वेळ मोजत होते. तिचं घरच्यापेक्षाही लवकर झालं होतं. तिच्या शेजारी जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक लहानखुरी मुलगी होती. तिच्या खुंट्या हातातून निसटत होत्या. आणि मी निंबाखालून पाहिलं, सिंधूचे हात तिच्या फळीकडे गेले. पलीकडच्या कडेनं तिनं एक खुंटी बसवली. दुसरी बसवली. ती मुलगी घाबरून तिच्याकडे बघायला लागली.

पर्यवेक्षिका बाई जवळजवळ धावतच आल्या. त्यांनी सिंधूला उभं केलं, फळी बाजूला घेतली, काही बोलल्या. मग तिला बाहेर व्हरांड्यात आणलं. मी उठून गेले.

त्या बाई चिडक्या नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, थकलेला चेहरा. त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. "हुशार आहे तुमची बहीण. पण आम्हांला प्रत्येकीचे हात वेगळे मोजायचे आहेत. एकीनं दुसरीचं काम केलं तर दुसरीचं मोजमाप कसं कळणार? आज मी मोठ्या बाईंना सांगून सोडते. उद्या हीच चाचणी चिमट्यानं आहे. उद्या असं झालं तर मला तिचं नाव काढावं लागेल."

मला ते म्हणणं पटलं. आजही पटतं.

आम्ही धर्मशाळेत परत आलो. ओसरीवर बसून सिंधू घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "माहं झालतं ना, ताई. मंग बसून काय करू?"

"काही नाही करायचं. बसायचं."

"अन् तिचं?"

"तिचं ती पाहील."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी काहीतरी न समजण्यासारखं बोलले आहे. मग मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. मी पिशव्या उघडल्या. संध्याकाळचा उजेड अजून होता. ओसरीच्या फरशीवर दोन ढीग केले, मधे घड्याळ ठेवलं, तिच्या हातात चिमटा दिला आणि म्हटलं, "तुझं झालं की चिमटा खाली ठेवायचा, आणि दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे. कर."

तिचा ढीग संपला. चिमटा खाली ठेवला गेला, आणि हात माझ्या ढिगाकडे आले. मी हलकीच चापट मारली. तिला हसू आलं, मलाही आलं. पुन्हा ढीग मिसळले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

"ताई, हे नाई जमत मले."

"तूर निवडणं तरी पहिल्या दिवशी कुठे जमत होतं? जमवायचं."

शेवटी शेवटी तिचे हात मांडीखाली जायला लागले. आता पक्कं व्हावं म्हणून मी मुद्दाम हळू झाले. एकेक चिंचोका उचलायचा, पाडायचा, पुन्हा शोधायचा. ती समोर बसून माझ्या ढिगाकडे बघत होती. पातळाखाली तिची बोटं हलताना दिसत होती, पण ती बाहेर आली नाहीत. मी पूर्ण ढीग एकटीनं संपवला आणि घड्याळ मनगटावर बांधलं. "झालं," मी म्हटलं. "आता कुठे चुकणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी त्याच निंबाखाली बसले. सिंधूचा चिमटा सरसर चालला. ती पुन्हा पहिली. तिनं चिमटा खाली ठेवला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि समोरच्या काळ्या फळ्याकडे बघत बसली. शेजारची ती भिंगांची मुलगी वाटीत चिमटा खडखडवत होती. एक खुंटी खाली पडून घरंगळत सिंधूच्या पायाशी आली. सिंधू बघत होती फळ्याकडे.

यादी तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारावर लागली. सिंधूचं नाव होतं. मी ते बोट ठेवून वाचलं, खालून वर आणि वरून खाली. सिंधू मात्र यादीत दुसरं कोणाचं तरी नाव शोधत होती. ते नव्हतं. गाडीत खिडकीशी बसल्यावर ती म्हणाली, "तिच्या तीनच खुंट्या राह्यल्या होत्या, ताई."

"डबा काढ," मी म्हटलं. "भूक लागली."

गावात आमची मिरवणूकच निघाली म्हणायची. बाबांनी ओट्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "हालवून पाह्यलं त्यायनं. पानी निंगालं!" मामा आले, थोडे रागावले, मग त्यांनीच पेढे आणले. मायनं देवापुढे दिवा लावला आणि सिंधूला म्हणाली, "आता मीठ, हळद, फुटाने इसरली तरी चालते." मृग लागला, पेरण्या झाल्या, आणि सिंधू ट्रंक घेऊन गेली.

माधुरीला मी हे सगळं सांगितलं. ती पेन तोंडात धरून ऐकत होती. ही यशाची गोष्ट आहे आणि मी ती आजवर तशीच सांगत आले. तयारी कशी करावी याचा नमुना म्हणून शाळेत सांगितली आहे, पालकांच्या सभेत सांगितली आहे. कल वगैरे काही वरून बघता येतो की नाही, मला ठाऊक नाही, पण सराव करता येतो हे मी स्वतः पाहिलं. सिंधू चांगली डॉक्टर झाली. ऑपरेशनच्या खोलीत तिच्यासोबत काम केलेली माणसं तिच्या हातांबद्दल बोलतात. तिथे ज्याचं काम त्यानंच करायचं असतं, दुसऱ्याच्या कामात हात घालून चालत नाही, हे तिनंच मला समजावून सांगितलं आहे. तिची निवड झाली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी करून पाहिला आहे, आणि दर वेळी त्या ओसरीवर मी पुन्हा त्या दोन पिशव्याच उघडते. दुसरं काही सुचत नाही.

"मग काकू? पुढं?" माधुरीनं विचारलं.

"पुढं काही नाही. तुझी दहा मिनिटं झाली. पान उलट."

पुढचं होतं. ते तिला सांगण्यासारखं नव्हतं, आणि नक्की काय सांगायचं हेही मला कधी कळलेलं नाही.

सिंधू शिकून नोकरीला लागल्यावर एका वर्षी पोळ्याला घरी आली. मीही नेरहून माहेरी गेले होते. पाऊस उघडला होता, कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती आणि तुरीच्या ओळींत गवत माजलं होतं. निंदण चाललं होतं. आम्ही दोघी बायकांसाठी चहाची किटली घेऊन वावरात गेलो, तर सोनीबाईनं धुऱ्यावरूनच हाक घातली, "डाक्तरीनबाई, इळा धरता येते का इसरल्या? सुई टोचून टोचून हात नाजूक झाले असतीन!"

"आना इकडं," सिंधूनं पदर खोचला. "दाखोतोच तुमाले."

तिला पात मिळाली, मला तिच्या शेजारची मिळाली. ओल्या मातीचा आणि कापलेल्या गवताचा वास. विळ्यांचा सरसर आवाज. बायका तिला चिडवत होत्या, कोणी गुडघा दाखवत होती, कोणी सासूच्या खोकल्यावर औषध विचारत होती, आणि ती उत्तरं देत देत पुढे सरकत होती. तिचे हात तसेच होते. बघता बघता ती सगळ्यांच्या पुढे गेली. मी मागे राहिले. नेरला गेल्यापासून माझा हात सुटला होता. कंबर धरली होती, पण मला काळजी नव्हती. मला ठाऊक होतं, ती पोचली की माझ्या पातीच्या त्या टोकाला बसेल. मी दोनदा मान वर करून पाहिलं.

ती धुऱ्यावर पोचली होती. तिनं विळा गवतावर पुसला, खाली ठेवला आणि बाभळीच्या सावलीत उभी राहिली. दोन्ही हात तिनं काखेत घट्ट धरले होते. आमच्याकडे बघून ती हसत होती. "या ना लवकर," ती ओरडली. "चहा थंडा होऊन राह्यला." तिच्या आवाजात माया होती. तिला काहीच चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

बायकांचे विळे क्षणभर मंद झाले. पाहुणी होती ती, डॉक्टरीण होती. दमली असेल असंच सगळ्यांना वाटलं असणार. काखेत धरलेले ते हात कुठे शिकले हे त्या वावरात फक्त मला माहीत होतं.

सोनीबाईची पात संपली. ती उठली, सिंधूच्या बाजूनं गेली, जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्या पातीच्या त्या टोकाला येऊन बसली. सिंधूचं हसू थांबलं. ती सोनीबाईकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग खाली ठेवलेल्या विळ्याकडे. ती वाकली की नाही ते मी पाहिलं नाही. तुरीच्या ओळीतून सोनीबाईचा विळा माझ्याकडे येत होता. मी मान खाली घातली आणि त्या आवाजाच्या दिशेनं निंदत निघाले.